जबड्यातली पट्टी: भीती नको, काळजी हवी

तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात ड्युटी करताना नातेवाईक आम्हाला हमखास विचारायचे, "सिस्टर, जबडा काढून तिथं लोखंड बसवणार म्हणे. ते गंजलं तर?" आता वस्तीत फिरतानाही हाच प्रश्न कानावर येतो. या भीतीपायी काही घरं ऑपरेशन पुढे ढकलतात आणि तेवढ्यात गाठ वाढते. म्हणून हे नीट समजून घेऊ.

पट्टी कशासाठी?
गाठ जबड्याच्या हाडात शिरली असेल तर तेवढं हाड काढावं लागतं. जागा तशीच रिकामी ठेवली तर उरलेला जबडा एका बाजूला सरकतो. दातावर दात बसत नाही, चावणं-बोलणं अवघड होतं. हनुवटीकडचा भाग गेला असेल तर लाळ गळते, जीभ मागे पडून श्वासालाही त्रास होऊ शकतो. म्हणून दोन्ही टोकं पट्टी आणि स्क्रूंनी जोडतात.

ती गंजते का?
नाही. ही पट्टी लोखंडाची नसून टायटॅनियमची किंवा त्याच्या मिश्रधातूची असते. नेहमीच्या एका मिश्रधातूत सुमारे ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. टायटॅनियमवर आपोआप एक पातळ थर धरतो, तोच त्याला जपतो. हाड या धातूला घट्ट धरतं, हे स्वीडनचे डॉ. ब्रानेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात उभे केले.

मग अडचण कुठे?
पट्टी म्हणजे हाड नव्हे. हाड स्वतःला सांधतं, धातू सांधत नाही. रोजच्या चावण्यानं पट्टी कधी तुटते, स्क्रू ढिले होतात, शेक दिल्यावर कातडी पातळ होऊन पट्टी उघडी पडते. म्हणून पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून जबड्यात बसवण्याची पद्धत १९८९ पासून आहे. शरीराचा बहुतेक भार जाड नडगी पेलते, त्यामुळे पेशंट पुन्हा चालू शकतो. आपल्या पेशंटला हे जमेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी काय सांभाळाल?
• तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी पूर्ण बंद. जखम भरण्यात हाच मोठा अडथळा.
• सांगितल्याप्रमाणे चुळा, मऊ जेवण आणि तोंड उघडण्याचा व्यायाम.
• सूज, पू, दुर्गंधी, नवा फोड किंवा धातू दिसला तर लगेच दवाखाना गाठा. तोंडाला रुमाल बांधून लपवू नका.
• शेक झाला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नका.
• एमआरआयच्या आधी पट्टीबद्दल सांगा. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

खर्चाचं काय?
भरती होण्याआधीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या. ऑपरेशन आणि पट्टी दोन्ही योजनेत बसतात का, हे स्पष्ट विचारून घ्या.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी गल्लीत मिळतेच. म्हणून घरातल्या प्रत्येकाचं तोंड महिन्यातून एकदा उजेडात पाहा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा किंवा तोंड कमी उघडणं दिसलं तर तपासणी करा. गाठ लहान असताना सापडली तर बहुतेकदा जबडा वाचतो, आणि पट्टीची वेळच येत नाही.