ट्रॅक्टरचे इंजिन-ऑइल कसे बदलावे?

ट्रॅक्टरच्या इंजिनातील ऑइल दोन रीतींनी काढता येते. डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून पंपाने ते वर ओढणे ही एक, व तळाचा ड्रेन प्लग उघडून खाली सोडणे ही दुसरी. पहिलीत हात माखत नाहीत. तथापि शेतीच्या ट्रॅक्टरला दुसरीच इष्ट होय. धातूचा कीस व गाळ तळाशी बसतो. नळी तेथवर पोचेलच असे नाही, आणि उरलेला गाळ नव्या ऑइलात मिसळून बेअरिंगे झिजवितो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासह उतरते. फार तापलेले मात्र हात भाजते. फिल्टरही त्याच वेळी बदलावा. नव्या फिल्टरच्या रबरी कड्यास ऑइलचे बोट फिरवून तो हातानेच आवळावा.

काळा रंग पाहून ऑइल बदलण्याची चाल सर्वत्र आहे. ती निराधार आहे. डिझेल इंजिनात नवे ऑइलही लवकरच काळे पडते. पुस्तिकेतील तास प्रमाण मानावेत. पुष्कळ ट्रॅक्टरांना ते २५० असतात. धुळीच्या कामात त्याआधीच बदलावे. ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना तारखेऐवजी तासांची नोंद ठेवण्यास सांगावे. ऑइल ताकासारखे पांढरट दिसल्यास त्यात पाणी शिरले असे समजून इंजिन चालू करू नये, मिस्त्रीस दाखवावे.

जुने ऑइल बांधावर वा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.