ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार उतरते? चार्जिंग प्रणालीतील दोषांचे क्रमवार निदान

पावसाची उघडीप मिळून जमिनीत वाफसा आला, की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर बॅटरीला दोष देऊन नवी बॅटरी विकत घेतली जाते. मात्र मूळ दोष सैल पट्ट्यात किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असल्यास नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरते. म्हणून खर्च करण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी. त्यासाठी डिजिटल मल्टीमीटर व हायड्रोमीटर ही दोन साधने पुरेशी आहेत. येथील आकडे 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी आहेत.

1. प्रत्यक्ष निरीक्षण : इंजिन बंद ठेवून टर्मिनल, केबल व चॅसीवरील अर्थिंगची जोडणी पाहावी. पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन जोडणी घट्ट करावी व पेट्रोलियम जेली लावावी. अल्टरनेटरचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारणतः 10 ते 15 मिमी दबावा. नेमके माप ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे.

2. बॅटरीची स्थिती : ट्रॅक्टर काही तास उभा राहिल्यानंतर व्होल्टेज मोजावे. 12.6 म्हणजे बॅटरी पूर्ण भारित, 12.2 म्हणजे सुमारे निम्मी आणि 12 पेक्षा कमी म्हणजे जवळजवळ उतरलेली समजावी. झाकणे उघडता येत असल्यास चार्ज केलेल्या बॅटरीच्या सहाही सेलमधील द्रावणाची विशिष्ट घनता मोजावी. एखाद्या सेलमध्ये ती इतरांपेक्षा 0.05 ने कमी आढळल्यास तो सेल निकामी होत आहे, असे मानावे.

3. सेल्फ मारतानाची चाचणी : पूर्ण भारित बॅटरीचे व्होल्टेज या वेळी 9.6 च्या खाली गेल्यास बॅटरी कमजोर आहे किंवा स्टार्टर अतिरिक्त प्रवाह ओढत आहे.

4. चार्जिंगची चाचणी : इंजिन मध्यम गतीवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. ते 13.8 ते 14.5 असल्यास चार्जिंग योग्य आहे. इंजिन बंद असतानाइतकेच राहिल्यास चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटर सदोष असून अतिचार्जिंगमुळे बॅटरीतील पाणी लवकर आटते.

5. दोषाचे स्थान : अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर 14.2 आणि बॅटरीवर 13.2 व्होल्ट आढळल्यास अल्टरनेटर निर्दोष असून वायर, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये अडथळा आहे. दोन्हीकडे व्होल्टेज कमी असल्यास चार्जिंगचा दिवा पाहावा. चावी फिरवल्यावर तो लागतच नसेल, तर प्रथम बल्ब, फ्यूज व त्याची वायर तपासावी. अनेक अल्टरनेटरना प्रारंभिक प्रवाह याच दिव्यातून मिळतो. हे सर्व ठीक असल्यासच ब्रश, डायोड व रेग्युलेटरच्या तपासणीसाठी अल्टरनेटर कारागिराकडे न्यावा.

6. उभ्या ट्रॅक्टरवर बॅटरी उतरणे : चार्जिंग योग्य असूनही सकाळी बॅटरी उतरलेली आढळल्यास बाहेरून जोडलेले दिवे किंवा म्युझिक सिस्टिम यांची वायर चावीशिवाय थेट बॅटरीला जोडली आहे काय, ते पाहावे.

दक्षता : इंजिन सुरू असताना बॅटरीची केबल काढू नये, त्यामुळे अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. केबल काढताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना शेवटी जोडावे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ विडी, काडी वा ठिणगी नसावी. पातळी राखण्यासाठी केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल कधीही घालू नये. हंगामाबाहेर बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ठेवल्यास प्लेटवर सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून महिन्यातून एकदा ती चार्ज करावी. निकामी बॅटरी बांधावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी, कारण त्यातील शिसे माती व पाणी दूषित करते.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व मेळाव्यात एका ट्रॅक्टरवर चौथ्या व पाचव्या टप्प्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. या दोन मोजमापांतूनच दोष बॅटरीत आहे की बाहेर, हे बहुतेक वेळा स्पष्ट होते आणि शेतकऱ्याचा अनाठायी खर्च व वाफशाचे मोलाचे दिवस दोन्ही वाचतात.