उघड्यावरच्या काव्यमैफलीला खर्च किती?

पाऊस ओसरला की कोजागरीपासून थंडी संपेपर्यंत गावोगावी उघड्यावर काव्यमैफली भरतात. कुठे शाळेचं पटांगण, कुठे सोसायटीची गच्ची, कुठे कुणाचा मळा. जोडीला नव्या कवितासंग्रहाचं प्रकाशन आणि थोडं गाणं. भरवणारी बहुधा वाचनालयाची किंवा मित्रमंडळाची चार-पाच माणसं असतात आणि त्यांना आधी हेच हवं असतं की एकूण किती लागतील. मध्यम शहर, दीडशे श्रोते, सहा कवी, एक गायक, हार्मोनियम-तबल्याची साथ आणि एक प्रकाशन एवढा बेत धरला, तर साधारण ६० ते ७० हजार रुपये हाताशी हवेत. खालचे आकडे याच बेताचे, ढोबळ अंदाजाचे आहेत. मुंबई-पुण्यात ते वाढतात, लग्नसराईत सगळीकडेच वाढतात.

हिशोबाच्या वहीत पहिली ओळ मानधनाची लिहा. मांडव, फ्लेक्स, हारतुरे यांतून उरलं तर कवीला पाकीट, ही रीत मोडली पाहिजे. लोक येतात ते कवितेसाठी. प्रत्येक कवीला निदान २,००० रुपये आणि प्रवासखर्च वेगळा, असे १६,००० रुपये बाजूला काढा. गायकाला ८,०००, साथीदारांना प्रत्येकी ४,००० धरा. नवोदितांना 'व्यासपीठ मिळतंय ना' असं म्हणून फुकट बोलावू नका. त्यांनाही एसटीचं तिकीट काढावंच लागतं.

दुसरा मोठा खर्च आवाजाचा, आणि तिथे हात आखडू नका. उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे आवाज परतून येत नाही आणि हळू म्हटलेली ओळ चौथ्या रांगेत पोचत नाही. दीडशे जणांसाठी स्टँडवरचे दोन चांगले स्पीकर, कलाकारांसमोर एक मॉनिटर, पाच-सहा माइक, मिक्सर आणि तो चालवणारा माणूस, हे सगळं ८ ते १२ हजारांत होतं. ठरवतानाच सांगा की कार्यक्रम बोलण्याचा आहे, बेस नको. माइकवर फोमच्या टोप्या मागा, नाहीतर वाऱ्याची घरघर कवितेवर चढते. ऑपरेटर शेवटपर्यंत मिक्सरजवळ थांबेल, हेही आधी बोलून घ्या. दवाने तबल्याचा सूर उतरतो, म्हणून वादकांच्या डोक्यावर छोटं छत हवं आणि गाणं रात्री फार उशिरा ठेवू नये.

जनरेटरवर मात्र पैसे वाचतात. स्पीकर, माइक आणि दहा-बारा एलईडी दिवे मिळून भार दोन-अडीच किलोवॅटच्या पुढे जात नाही. शाळेची वीज वापरता येत असेल तर जोडीला ५ केव्हीएचा, कमी आवाजाचा जनरेटर पुरतो. डिझेलसह ४,००० रुपये धरा. लग्नाच्या मापाचा ६२ केव्हीएचा गाडा कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. त्याचं भाडं जास्त आणि धडधड कवितेच्या मध्ये येते. दिव्यांना ३,००० रुपये. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर ऑक्टोबरात किडे तुटून पडतात; पिवळसर दिवे लावा, प्रखर दिवा मंचापासून लांब ठेवा आणि वाचणाऱ्याच्या कागदावर छोटा दिवा द्या.

बैठक भारतीय ठेवली तर स्वस्त पडते आणि शोभतेही. सतरंज्या, गाद्या, ज्येष्ठांसाठी पन्नास-साठ खुर्च्या, फूटभर उंचीचा मंच, टेम्पो आणि हमाली धरून ६,००० रुपये. पटांगणाचं भाडं व साफसफाई ४,०००. दीडशे जणांना मसाला दूध द्यायचं तर माणशी १५० मिलिलिटरप्रमाणे साडेबावीस लिटर होतं. आटणं धरून २७-२८ लिटर घ्या. साखर, मसाला, गॅस, पेले मिळून साडेतीन हजार. उरलेल्या किरकोळीत तीनेक हजार जातात. पुष्पगुच्छ टाळा, पाहुण्याला पुस्तक द्या.

प्रकाशनाचा खर्च कुणाचा, हे आधी लिहून ठेवा. कवीने किंवा प्रकाशकाने पन्नास-साठ प्रती आणाव्यात. अख्ख्या मैफलीचा भार नव्या कवीवर टाकणं अन्याय आहे. विक्रीचं टेबल मंचामागे नको, दुधाच्या पातेल्याशेजारी हवं, त्यावर दिवा हवा, क्यूआर कोड आणि सुटे पैसे हवेत. प्रकाशन झाल्याबरोबर पंधरा मिनिटं दूध-विश्रांती घ्या. पुस्तकं तेव्हाच खपतात. कार्यक्रम संपल्यावर लोक चपला शोधत असतात.

परवानग्यांना पैसे थोडे, वेळ फार लागतो. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्या आणि जागामालकाचं संमतिपत्र जोडा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. त्या यादीत तुमची तारीख आहे का, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. नसेल तर साडेसहाला सुरू करून पावणेदहाला आटपेल असा क्रम लावा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

गाणी निवडताना हक्कांचा विचार हवा. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. केशवसुत (१९०५), बालकवी (१९१८), मर्ढेकर (१९५६) यांच्या कविता आता मोकळ्या आहेत. त्यांना स्वतः चाल लावून गायलात तर कुणाला काही देणं लागत नाही. कुसुमाग्रजांचं निधन १९९९ मधलं, म्हणून त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. शिवाय चालीवर संगीतकाराचा हक्क वेगळा असतो. तिकीट लावणार असाल किंवा चित्रफीत इंटरनेटवर टाकणार असाल तर परवानगी आधी घ्या, कवींकडूनही.

परतीचा पाऊस ऑक्टोबरात हमखास चकवतो. जवळच्या शाळेचा वर्ग किंवा मंगल कार्यालयाचा छोटा हॉल हजार-दोन हजार देऊन राखून ठेवा. मांडववाला आणि साऊंडवाला यांना तीस टक्क्यांहून जास्त आगाऊ देऊ नका. पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्या: पावसामुळे तारीख पुढे गेली तर आगाऊ रक्कम नव्या तारखेला चालेल, आणि ऐनवेळी सामान हॉलमध्ये हलवण्याची हमाली किती.