कडेला धर

ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत, त्यांना आधी एवढंच सांगतो: त्यांना स्पिरिट लावू नका. सॅनिटायझर नको, आणि ज्यात अल्कोहोल आहे असा कुठलाही क्लीनर नको. मी लावलं. २०२०च्या सप्टेंबरअखेरीस, मुळशीतल्या घराच्या ओट्यावर बसून, कापसाच्या बोळ्याने, अगदी मायेने लावलं. दोन-तीन वेळा फिरवल्यावर बोळा काळाकुट्ट झाला. वाटलं, किती वर्षांचा हा मळ! तो मळ नव्हता. तबकडीच विरघळत होती.

अठ्ठ्याहत्तरची तबकडी लाखेची असते. दगडाची बारीक पूड, काजळी आणि या सगळ्याला धरून ठेवणारी लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख आपल्या देशातून जगभर जायची. सुतार फर्निचरला पॉलिश करतो तेव्हा चपडा लाख स्पिरिटमध्येच भिजत घालतो. घरातलं शिसवी टेबल मी स्वतः असं पॉलिश केलेलं आहे. म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला ठाऊक होतं, पण हातात तबकडी असताना आठवलं नाही. त्या सकाळी आधी चाळीसेक एलपी त्याच बाटलीने पुसून झाल्या होत्या. एलपी व्हिनाइलच्या, त्यांनी ते सोसलं. एकेचाळिसावी तबकडी हाताला लागली ती अंकलची.

अंकल म्हणजे मुंबईत धोबीतलावला आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहणारे गोव्याचे सॅक्सोफोनवादक. माझं लहानपण साठच्या दशकातलं. त्या भागात गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या मुक्कामाच्या खोल्या, होते आणि संध्याकाळी वाद्यांच्या काळ्या पेट्या घेऊन माणसं कामाला निघायची. चाळीसच्या दशकात अंकल एका हॉटेलातल्या बँडमध्ये होते, पुढे स्टुडिओत. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतल्या वाद्यवृंदाचा मोठा भाग गोवेकरांनी उभा केला. आपल्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आणि त्याची मंडळी घेतली, ती उगाच नाही. अंकलच्या खोलीत एक ग्रामोफोन होता. मी तबकडी उचलायला गेलो की ते म्हणायचे, “पुता, कडेला धर. काळ्या भागाला बोट लावू नको.”

१९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली. रंगभवनला अंकलच मला घेऊन गेले. सॉनी रॉलिन्सचा टेनर सॅक्सोफोन मी उघड्या आभाळाखाली ऐकला आणि पुढची चाळीस वर्षं त्या आवाजाच्या मागे गेलो. हाच रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात राहून गेला होता, हे मला फार नंतर कळलं. काही वर्षांनी अंकल कायमचे गोव्याला गेले. जाताना त्यांनी त्यांच्या बँडची एक तबकडी माझ्या हातात ठेवली. लेबलावर बँडचं नाव होतं, वादकांची नव्हती.

मुंबईच्या जॅझच्या तबकड्या मुळात मोजक्या. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताज हॉटेलमध्ये आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. १९३६ साली स्मिथच्या बँडने मुंबईत रेक्स लेबलसाठी ध्वनिमुद्रण केलं. या अमेरिकनांच्या हाताखाली गोव्याचे आणि इथले वादक तयार झाले. रुडी कॉटन हे टेनरवादक तर पारशी. त्या काळातल्या तबकड्या बोथट सुयांनी झिजल्या, घरं बदलताना फुटल्या, उरलेल्या पावसाने खाल्ल्या. हे सगळं मला माहीत होतं, तरी माझा जीव दुसरीकडेच होता. मला हवी होती ब्लू नोट या अमेरिकन लेबलची १५७७.

१५७७ म्हणजे जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’. १५ सप्टेंबर १९५७ला न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी ही ध्वनिमुद्रित झाली, तीही रुडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि उरलेल्या वेळात त्या खोलीत जगातला उत्तमातला उत्तम सॅक्सोफोन टेपवर उतरवायचा. त्या सत्राची पहिली प्रेसिंग, म्हणजे पहिल्या खेपेत दाबलेली तबकडी, मिळावी म्हणून मी निवृत्तीच्या पैशांतला एक हिस्सा बाजूला काढला होता. २०१९ साली परदेशातल्या एका विक्रेत्याकडे ती दिसली. फोटोत कव्हर होतं, मागच्या बाजूला ‘४७ वेस्ट ६३’ हा ब्लू नोटचा त्या वेळचा पत्ता होता, आणि लेबलाचा एक धूसर फोटो. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून लाखाच्या वर रक्कम गेली.

पार्सल आलं. कव्हर खरं, जुनं. तबकडी बाहेर काढली आणि लेबलावर वाचलं, ‘न्यूयॉर्क, यूएसए’. हा पत्ता ब्लू नोटच्या लेबलांवर साठच्या दशकात आला. गाणं जिथे संपतं तिथून लेबलापर्यंत जी कोरी चकचकीत पट्टी असते, तिला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात. ती दिव्याखाली तिरकी धरली. व्हॅन गेल्डरची खूण होती, पण ‘कान’ नव्हता. ब्लू नोटच्या तबकड्या प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात दाबल्या जायच्या आणि त्या कारखान्याचा इंग्रजी ‘पी’ या पट्टीत कोरलेला असायचा. तो कानाच्या आकारासारखा दिसतो, म्हणून कान. साठच्या दशकाच्या मध्यावर लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली आणि १९६६च्या सुमारास कान गेला. जुनी छापलेली लेबलं मात्र लिबर्टीने वापरून संपवली. म्हणजे लेबल जुनं दिसत असलं तरी कान नसला की तबकडी लिबर्टीच्या काळातली. कुणीतरी जुन्या कव्हरात नवी तबकडी घातली होती. विक्रेत्याने हे जाणून केलं की त्यालाही तशीच मिळाली होती, ते कळायला मार्ग नव्हता. परत पाठवायची मुदत पार्सल सीमाशुल्कात अडकलेलं असतानाच संपली होती.

म्हणून सांगतो, कव्हराच्या फोटोवर एक रुपयाही देऊ नका. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचे फोटो मागा, खिडकीच्या तिरक्या उजेडात काढलेले. ब्लू नोटच्या जुन्या तबकड्यांवर ‘आरव्हीजी’ ही व्हॅन गेल्डरची अक्षरं असतात, आधी हाताने कोरलेली, पुढे ठशाची. लेबलावरच्या गोल खोल खाचेला ‘डीप ग्रूव्ह’ म्हणतात, तीही पाहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडचा माल कितीही हवाहवासा वाटला तरी सोडून द्या. दुसरं, शक्य असेल तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा तुकडा वाजवून पाठवायला सांगा, आणि तोही बाजूच्या शेवटच्या, लेबलाजवळच्या गाण्यातला. पन्नास-साठच्या दशकातल्या प्लेयरच्या सुया जड. तबकडी आरशासारखी चकचकीत दिसते, पण टेनर वर चढला की आवाज फाटतो. खाचेची ही झीज डोळ्यांना दिसत नाही. तिसरं, तबकडी कव्हराच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवायला सांगा. नाहीतर वाटेतल्या आदळआपटीत तिच्याच कडेने कव्हराची शिवण फाटते.

असं असूनही ती तबकडी मी ठेवली, कारण आवाज चांगला होता. ती मुळशीच्या घरी नेली, आणि तिथे दुसरी चूक तयारच होती.

मुळशीतलं घर मी कान शांत राहावेत म्हणून बांधलं. कोथरूडहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड ओलांडून धरणाच्या बाजूला. रात्री तिथे बेडूक आणि पाऊस सोडून काही ऐकू येत नाही. पण पौडपर्यंतचा पाऊस वेगळा आणि धरणाकडचा वेगळा. पौडच्या पुढे सह्याद्री जवळ येत जातो, ढग डोंगराला अडतात आणि जुलैत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. त्याच पाण्यावर इथला आंबेमोहोर पिकतो. मी तबकड्यांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटवून केलं होतं, कारण खोलीत ते तिथे शोभत होतं. प्रत्येक कव्हराला जाड, मऊ प्लास्टिकचं वेष्टन घातलं होतं, पुरेपूर काळजी घ्यावी म्हणून.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. माझं वय चौसष्ट, घरच्यांनी बाहेर पडू दिलं नाही. घर सगळा पावसाळा बंद राहिलं. सप्टेंबरअखेरीस दार उघडलं तेव्हा ओल्या पुठ्ठ्याचा वास अंगावर आला. कपाटाच्या मागच्या भिंतीवर ओल कमरेपर्यंत चढली होती. कव्हरांच्या पाठी सुटल्या होत्या, आणि एलपींवर पांढऱ्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या बुरशीच्या चांदण्या. बुरशी व्हिनाइल खात नाही. ती बोटांच्या तेलावर, धुळीवर, कागदावर आणि कव्हराच्या खळीवर जगते, पण तिचे तंतू खाचेत शिरतात आणि मग सुईखाली लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. वेष्टनांनी ओल आत कोंडून धरली होती. जिथे तबकडी कव्हराबाहेर काढून थेट त्या मऊ पीव्हीसीत ठेवली होती, तिथे तिच्यावर धुरकट डाग उमटले, तेही कायमचे. त्या प्लास्टिकमधून झिरपणारा पदार्थ व्हिनाइलला लागतो. ‘ब्लू ट्रेन’ अशीच गेली. वेष्टन पॉलिथिनचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं घ्यावं, पातळ आणि वरून उघडं, हे मी तेव्हा शिकलो.

शेजारच्या आजी डोकावल्या. कपाट कुठे होतं ते पाहून म्हणाल्या, “कणगी कधी भितीला टेकवत्यात का, भाऊ? भात कुजंल की.” मुळशीतल्या घराघरांत कणगी भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून उचलून ठेवलेली मी चार वर्षं पाहत होतो.

त्या घाबऱ्याघुबऱ्या सकाळी मी स्पिरिटची बाटली काढली. पुढचं सांगून झालंय.

बुरशी लागलेल्या तबकड्या हाताळायच्या तर तोंडाला मास्क लावा आणि त्या आधी बाकीच्यांपासून दुसऱ्या खोलीत न्या. काम उघड्यावर करा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखाद-दुसरा थेंब टाका, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोलाकार फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत उभ्या वाळवा. लेबलाला पाणी लागू देऊ नका. जुनं कागदी पाकीट टाकून द्या, बुरशी तिथेच राहते. लाखेच्या तबकडीला पाणीसुद्धा कमीत कमी वेळ लावा आणि लगेच पुसून कोरडी करा. आणि अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर एलपीची सुई टेकवू नका. १९४८ साली आलेल्या एलपीची खाच फार बारीक आहे, जुन्या तबकडीला जाड सुई लागते.

ठेवणीचं म्हणाल तर हवेतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के असावी आणि तापमान विशीच्या आसपास. मुळशीच्या जुलैत माझा आर्द्रतामापक नव्वदच्या खाली उतरत नाही. ओल शोषणारं यंत्र आणलं. ते दिवसाला तीन-चार लिटर पाणी काढायचं, पण वीज गेली की पुन्हा तेच. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या ओलीपुढे काहीच नाहीत. शेवटी मी ठरवलं, की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तबकड्या कोथरूडलाच राहतील. मेअखेरीस त्या हलवतो, त्याही पहाटे, कारण बंद गाडीत उन्हात अर्धा तास राहिली तरी एलपी पापडासारखी वाकते. शंभर तबकड्यांचं वजन साधारण पंचवीस किलो भरतं, म्हणून खोकी लहान घ्या. उभ्याच ठेवा, एकमेकींवर रेलू देऊ नका. आता कपाट आतल्या भिंतीपाशी आहे, पण टेकलेलं नाही. मध्ये हातभर जागा आहे.

‘ब्लू ट्रेन’ मी आता ब्लू नोटनेच २०२२ साली मूळ टेपवरून काढलेल्या नव्या आवृत्तीत ऐकतो. ती उत्तम आहे. पहिल्या प्रेसिंगच्या मागे मी पुन्हा गेलो नाही. मुंबईच्या, गोव्याच्या वादकांच्या तबकड्या कुणाकडे निघाल्या तर मात्र धावत जातो. विकत नाही मिळाली तर निदान तिचं ध्वनिमुद्रण करून द्या म्हणून हात जोडतो. एकच प्रत उरलेली असू शकते, आणि ती कुणाच्या तरी ट्रंकेत स्पिरिटची वाट पाहत असते.

अंकलच्या तबकडीची एक बाजू गेली. तिच्यावर आता करडा, खरखरीत पट्टा आहे, सुई तिथे नुसती घसरते. दुसरी बाजू मी अजून पुसायला घेतली नव्हती. पुण्यात जाड सुईचं यंत्र असलेल्या एका जाणकाराकडून ती पुसण्याआधीच टेपवर, मग संगणकावर उतरवून घेतली. तीन मिनिटांच्या त्या फॉक्सट्रॉटमध्ये ट्रम्पेट थांबल्यावर मध्येच एक सॅक्सोफोन पुढे येतो आणि थोड्याच वेळात पुन्हा बाकीच्यांत मिसळतो. बँडमध्ये त्या जागी तिघं बसायचे. तो अंकलचाच की आणखी कुणाचा, हे विचारायला आता कुणी नाही. तो तुकडा मी त्यांच्या गोव्यातल्या नातीला पाठवला. तिने आजोबांना वाजवताना कधी ऐकलं नव्हतं.