तो डबा उघडू नकोस

सातारा,
रविवार, रात्र

चि. निनाद यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

काल वहिनींचा फोन आला, आणि इकडच्यातिकडच्या चौकशा आटोपल्यावर, सहज आठवले म्हणून सांगावे अशा सुरात त्यांनी खबर दिली की, खेळ ऐन रंगात आला असता बंद पडणाऱ्या त्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा, तू स्वतःच खोलून दुरुस्त करणार आहेस. खोलीतल्या मित्राने म्हणे कुठलासा व्हिडिओ दाखवून हा मार्ग सुचविला. तुला ही बुद्धी व्हावी, याचे नवल वाटते. नवल कसले, संताप येतो.

अरे, भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज त्या डब्यात शिरताच एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टच्या दाबाने मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, आणि प्लग काढल्यावर तो साठा तत्काळ ओसरतोच अशी खात्री कोणी देऊ नये. वीज मंडळाच्या सबंध नोकरीत बंद लाइनलाही चालू समजूनच मी हात लावीत आलो. तू तर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी!

शिवाय रोगाची रुजवात तरी नीट केलीस काय? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद आढळली, म्हणून दोष पॉवरचाच, असे तू आईला ठासून सांगितलेस. परंतु ती नोंद म्हणजे निव्वळ मृत्यूचा दाखला आहे. यंत्र रीतसर बंद न होता गेले एवढेच ती सांगते. कशाने गेले, याविषयी तीत बहुधा अक्षर नसते. उष्णतेने जाणारे यंत्र बहुधा आधी कुरकुरते: प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला की आपली गती उतरवितो, चित्र अडखळते, पंखे घोंगावतात, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच ते विझते. तुझ्या यंत्राचे तापमान सत्तरीपलीकडे जात नाही, आणि मोठी लढाई सुरू होताक्षणी, चित्र जरासुद्धा न अडखळता अंधार होतो, असे गणपतीत आला होतास तेव्हा तूच म्हणालास.

तर मग एवढेच पाहा, की त्या क्षणी मॉनिटरही विझतो काय. दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत. दोन्ही एकदम गेली, तर पहिला संशय त्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर घ्यावा. असला यूपीएस साधारणपणे ३६० वॉटच पेलतो, आणि संध्याकाळी दाब उतरून तो बॅटरीवर गेला की तुझ्या लढाईचा भार त्याला झेपत नाही. मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' दाखवीत जागा राहिला, तर एसएमपीएसकडे वळावे. आणि वळावे म्हणजे उघडावे असे नव्हे, बाहेरचे लेबल वाचावे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ४५० हा आकडा ठळक असतो, पण खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलेले आढळले तर गुणाकार २१६ वॉटच भरतो. तुझे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड एकटेच १७० मागते, क्षणभर त्याहूनही अधिक. प्रोसेसरने काय उपाशी राहावे? त्या कार्डाला एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचविते. तेव्हा येथे इलाज असलाच तर बदलण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही.

आणि कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, हे तू हसत सांगितलेस. भिंतीवरच्या बोर्डाला बहुधा अर्थिंग नाही. घरमालकांना सांगून त्याचा बंदोबस्त आधी कर. अर्थिंग नसलेल्या खोलीत तू तो डबा उघडून बसला आहेस, हे चित्र काल रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून हलले नाही.

फार बोललो. तुझ्या वयात मलाही असाच नाद होता. सोल्डरच्या धुरात मध्यरात्रीपर्यंत ट्रान्झिस्टर जुळवीत बसे, आणि तुझे आजोबा ओसरीवरून 'झोप आता' एवढेच म्हणत. एका रात्री आकाशवाणी स्वच्छ लागली. त्यांना उठवून ऐकवावे असे फार मनात आले, पण भीड पडली. पुढे असले काही त्यांच्याशी बोलण्याचे राहूनच गेले. म्हणून वहिनी तुझ्या खेळाला नावे ठेवोत, मी ठेवणार नाही, आणि त्यांचेही बोलणे तू मनावर घेऊ नकोस. तू एकटा राहतोस, त्याची ती काळजी आहे.

नव्या एसएमपीएसचे पैसे मी देईन; दादाला कळविण्याचे कारण नाही. येत्या शनिवारी सकाळच्या एस.टी.ने स्वारगेटला उतरतो. टेस्टर आणि मल्टिमीटर बरोबर आणीन, तुझ्या काकूने केलेले लाडूही असतील. दोघे मिळून काय ते बदलू, आणि मग ती लढाई मला अर्धा तास शिकव. मी हरेन, त्याची फिकीर नको. तोवर त्या डब्याचा एक स्क्रूदेखील सैल करू नकोस, रात्री वेळेवर जेवत जा, आणि हे पत्र पोहोचताच मला फोन कर.

तुझा,
काका