क्लिकमागे पैसे : शोध-जाहिरातीचा मजकूर कसा लिहावा?

पेठेतील दुकानदार पाटी रंगवून घेतो तेव्हा पेंटरचे पैसे एकदाच देतो. मग ती पाटी दहा जणांनी वाचली काय आणि दहा हजारांनी वाचली काय, त्याचा खर्च वाढत नाही. गुगलवर शोध घेताना वरच्या बाजूस ज्या जाहिराती दिसतात त्यांचे मात्र उलट आहे. तेथे वाचण्याचे पैसे नाहीत, पण बोट लावून आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे जाहिरातदाराच्या खात्यातून रक्कम वजा होते. मग तो माणूस काही विकत घेवो अथवा न घेवो. हा एक फरक नीट ध्यानात आला तर या विषयातील अर्धे काम झाले असे आम्ही समजतो.

ही पद्धत अमेरिकेत १९९८ साली 'गोटू डॉट कॉम' या कंपनीने रूढ केली. गुगलने आपली जाहिरात योजना २००० साली सुरू केली आणि २००२ पासून तीत क्लिकमागे बोली लावण्याची पद्धत आणली. २०१८ पासून तिचे नाव 'गुगल अ‍ॅड्स' असे आहे. दुसऱ्याचा माल आपल्या पानावरून सुचवावयाचा आणि विक्री झाल्यास कमिशन घ्यावयाचे, या धंद्यास अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अ‍ॅमेझॉनने ही योजना १९९६ मध्येच काढली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरबसल्या उत्पन्न होते, असे अनेक तरुणांना सांगितले जाते. ते शिकविण्याची फीही घेतली जाते.

आमच्या भाच्याने गेल्या वर्षी हाच उद्योग केला. प्रेशर कुकरची तुलना करणारे पान त्याने तयार केले. रु. २,००० च्या कुकरमागे ५ टक्के, म्हणजे रु. १०० कमिशन. भांडवल म्हणून आमच्या बहिणीच्या भिशीचे पैसे. पहिली जाहिरात 'सर्वोत्तम कुकर! भारी सूट!' अशी होती. शीर्षकात उद्गारचिन्ह चालत नाही म्हणून ती नामंजूर झाली. चिन्हे काढून तीच पुन्हा दिली. तीन आठवड्यांत २,३५० क्लिक झाले, क्लिकमागे सरासरी रु. ४ प्रमाणे रु. ९,४०० गेले. विक्री ११, कमिशन रु. १,१००.

"मामा, जाहिरात तर पहिल्या नंबरवर होती," असे तो आम्हांस म्हणाला. खरेच होती. चूक तेथे नव्हती.

लोकांनी प्रत्यक्ष कोणते शब्द टाइप केले याची यादी गुगल देते. ती आम्ही दोघांनी बसून वाचली. 'कुकरची रिंग', 'कुकर दुरुस्ती', 'कुकरमध्ये केक', 'कुकरची शिट्टी होत नाही'. ही मंडळी नवा कुकर घेणारच नव्हती, आणि 'सर्वोत्तम कुकर' या शब्दांनी त्यांना दारातून परत पाठविले नाही. पाटीचे काम बोलावण्याचे असते. या जाहिरातीस बोलावणे आणि परतविणे ही दोन्ही कामे करावी लागतात.

म्हणून मजकुराआधी हिशेब मांडावा. कमिशन रु. १०० आणि पन्नास क्लिकमागे एक विक्री, तर एका क्लिकला रु. २ पेक्षा जास्त देणे परवडत नाही. वीस क्लिकमागे एक विक्री होत असेल तर रु. ५ पर्यंत चालते. तोच कुकर, तेच कमिशन. फरक आत येणाऱ्या माणसात. आणखी एक गोष्ट अशी की, खर्च आज नावे पडतो, कमिशन बऱ्याच दिवसांनी जमा होते, आणि माल परत गेला तर तेही कापले जाते.

जागा थोडी असते. एका जाहिरातीसाठी ३० अक्षरांपर्यंतची १५ शीर्षके आणि ९० अक्षरांपर्यंतची ४ वर्णने देता येतात. त्यांतील जास्तीत जास्त तीन शीर्षके आणि दोन वर्णने एका वेळी दिसतात. कोणते कोणाशेजारी येईल हे यंत्र ठरविते, म्हणून प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी अर्थ लागला पाहिजे. आम्ही भाच्याला असे लिहून दिले :

५ लिटर इंडक्शन कुकर
दीड ते अडीच हजारांत
चार कुकरची तुलना
स्टील की अ‍ॅल्युमिनियम? गॅस व इंडक्शन दोन्हींवर चालणारे कुकर, वजन व हमीसह पाहा.

किंमत लिहिल्यामुळे हजाराच्या आतील कुकर शोधणारा आपणहून मागे फिरतो. 'इंडक्शन' हा शब्द शोधणाऱ्याच्या तोंडचाच आहे. मात्र तो लिहिला की पान उघडताच तीच माहिती समोर हवी. साधा अ‍ॅल्युमिनियमचा तळ इंडक्शनवर तापत नाही, हे पानावर सांगितले नाही तर जाहिरात खोटी ठरते. जागा मिळताना बोलीबरोबर जाहिरात व पान यांचा दर्जाही पाहिला जातो, त्यामुळे खऱ्या, जुळत्या मजकुरास कमी बोलीतही चांगली जागा मिळू शकते. केवळ पुढच्या दुकानात ढकलणारे रिकामे पान गुगलच्या नियमांत बसत नाही.

शोधशब्दांतून 'दुरुस्ती', 'रिंग', 'जुना', 'केक' हे शब्द वर्ज्य म्हणून नोंदविले. कंपनीच्या नावावर बोली लावण्याचा मोह अनेकांना होतो. पुष्कळ योजनांच्या करारात त्यास मनाई असते आणि कमिशन रोखले जाते. काही दुकाने तर शोध-जाहिरातीतून थेट आपल्याकडे ग्राहक पाठविण्यासही बंदी घालतात. करार इंग्रजीत व लांबलचक असतो, तरी वाचावा. विक्रीवर आपणास कमिशन मिळते हेही पानावर स्पष्ट लिहावे.

दोन जाहिराती तुलनेस ठेवल्या तर दहा-वीस क्लिकवर निकाल देऊ नये. आणि क्लिक कोणीस जास्त मिळाले यापेक्षा विक्री कोणीतून झाली ते पाहावे.

पुढील महिन्यात क्लिक आले फक्त १४०, खर्च रु. ५६०. विक्री ७, कमिशन रु. ७००. क्लिक इतके कमी पाहून भाचा प्रथम खट्टू झाला होता. शिल्लक रु. १४०. आईचे बुडालेले रु. ८,३०० या गतीने किती महिन्यांत फिटतील, तो हिशेब त्याने वहीत मांडलेला आम्ही पाहिला. बहिणीला अजून दाखविलेला नाही.