संवादोपचार आणि आत्मस्वीकार

संवादोपचारात प्रशिक्षित उपचारकाशी होणारे नियोजित संभाषण हेच उपचाराचे साधन असते. गरजेनुसार औषधेही चालू राहतात. कार्ल रॉजर्स यांनी उपचारकाने रुग्णाचा विनाअट स्वीकार करण्यावर भर दिला. अल्बर्ट एलिस यांच्या १९५५ मधील विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने रुग्णालाच हे काम शिकवले. स्पर्धा परीक्षेतील अपयश ही घटना, ‘म्हणून मी नालायक’ हा दृष्टिकोन आणि नैराश्य हा परिणाम. एलिस यांच्या मते परिणामास मुख्यतः मधला दृष्टिकोन कारणीभूत ठरतो. मूल्यमापन कृतीचे करावे, माणसाचे नव्हे. आत्मप्रतिष्ठा यशाबरोबर कमीजास्त होते, आत्मस्वीकार होत नाही. परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवावा. मराठीत ही पद्धती कि. मो. फडके यांनी रुजवली.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचाराचा हक्क दिला. छत्तीसगडमध्ये शासकीय मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरी येथे, तर मनोविकार विभाग रायपूरच्या एम्समध्ये आहे. मात्र संवादोपचाराला अनेक बैठका लागतात आणि बस्तरच्या रुग्णाला दर आठवड्यास रायपूर गाठणे परवडणारे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्राथमिक समुपदेशन देतो. सलग बैठकांची उणीव त्याने पूर्णपणे भरून निघत नाही.